बैलाच्या मापाचे घर

मराठीत वास्तूंविषयी जे लेखन झाले आहे, ते बहुतांशी देवळे, किल्ले आणि वाडे यांच्याभोवती फिरते. वाईजवळ मेणवलीला असलेला नाना फडणीसांचा वाडा आणि त्याखालचा कृष्णेचा घाट पाहण्यासाठी माणसे मुद्दाम वाट वाकडी करून जातात. २००४ सालच्या 'स्वदेस' या चित्रपटाने तर तो परिसर देशभर पोहोचवला. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या गावोगावी काळ्या दगडाची जी साधी शेतकरी घरे उभी आहेत, ज्यांत एका बाजूस माणसे आणि दुसऱ्या बाजूस गुरे एकाच छपराखाली नांदत आली, त्यांच्याकडे समीक्षकाची नजर क्वचितच वळते. या घरांवर बांधणाऱ्याचे नाव नाही, शिलालेख नाही, बहुधा सनही नाही. कोणी लिहिलेच तर आजोळच्या आठवणी म्हणून लिहितो. आठवण ही मोलाची गोष्ट आहे, पण ती न्याय करीत नाही. ती सगळेच गोड करून टाकते. या घराला आठवणींतून बाहेर काढून परीक्षेला बसवावे, त्याचे गुण आणि त्याचे दोष दोन्ही स्पष्टपणे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दोष दाखवल्याशिवाय गुणांची खात्री पटत नाही, असे आम्हांस वाटते.

दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास कारण आहे. १९४९ ते १९६० या काळात आजचा सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' या नावानेच ओळखला जात होता. जमीन तीच, नदी तीच, दगडही तोच. दख्खनच्या पठारावर कोट्यवधी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचा हा काळा, कठीण पाषाण. तो झिजला की मुरूम होतो आणि मुरूम झिजला की माती. शेतातला दगड वेचून बाजूला काढावा लागतोच. त्याचाच बांध होतो, ताल होते आणि घराची भिंतही होते. बदलते ते आकाश. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास अडखळतो. म्हणून जावळी, पाटण, शिराळा या भागांत घर उतरत्या छपराचे होते, पावसाळ्यापूर्वी त्याच्या तोंडाला झडी बांधाव्या लागतात. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत छप्पर सपाट होऊन त्याचे माळवद बनते. एकाच दगडावर दोन तऱ्हेची डोकी आहेत. परंतु छपराखालची मांडणी पाहिली, तर दोन्ही घरे एकाच कुळातली आहेत हे लगेच ध्यानात येते.

ही मांडणी नीट पाहिली पाहिजे, कारण घराचे खरे सौंदर्य तेथेच आहे. रस्त्यावरून दिसते ती जवळजवळ आंधळी भिंत आणि तिच्यात एक दार. दार पुष्कळदा घराच्या मानाने रुंद वाटते. पाहुण्याला त्या रुंदीचे कारण चटकन कळत नाही. लांब, वर वळलेल्या शिंगांचा खिलार बैल त्यातून आत शिरताना पाहिला की कळते. दारातून आत आले की एका अंगाला गोठा, आणि एक-दोन पायऱ्या चढून दुसऱ्या अंगाला सोपा. सोप्याच्या मागे माजघर, त्याला लागून चूल आणि देव्हारा, शेवटी परडे. घराची मोजदाद खोल्यांनी होत नाही, खणांनी होते. लाकडी खांब आणि त्यांवरच्या तुळया यांच्यामधले अंतर म्हणजे एक खण. कुटुंब वाढले, भाऊ वेगळे निघाले, बैल वाढले, की खण वाढवावेत किंवा वाटून घ्यावेत. भिंत वारा, ऊन आणि चोर अडवते. छपराचा भार मुख्यतः लाकूड पेलते. वाण्याच्या दुकानातले माप जसे सर्वांना ठाऊक असते, तसे हे खणाचे गणित सुतारापासून घरधन्यापर्यंत सर्वांच्या तोंडी होते.

या मांडणीतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्या एक-दोन पायऱ्या. गोठा खाली आणि माणसे वर. एवढ्याशा उंचीने किती गोष्टी साधल्या आहेत! जनावरांचे मूत्र आणि धुण्याचे पाणी उताराने बाहेर जाते, वर येत नाही. सोप्यावर अंथरूण टाकून झोपलेल्या धन्याला मान वळवताच सगळी दावण दिसते. गाय विणार असेल, बैलाने खाणे सोडले असेल, दावे सुटले असेल, तर अंधारातही नुसत्या आवाजावरून कळते. पश्चिमेकडच्या पावसात महिना महिना गुरे बाहेर काढता येत नाहीत, तेव्हा त्यांना वैरण घालायला भिजत जावे लागत नाही, आणि थंडीच्या रात्री त्यांच्या अंगाची ऊब घराला मिळते. पूर्वेकडे, जेथे प्रश्न पावसाचा नसून चाऱ्याचा आहे, तेथे माळवदाची सपाट पाठ कामाला येते: तेथे ज्वारी वाळते, मिरची वाळते आणि उन्हाळ्यात माणसेही झोपतात.

हे सारे कशासाठी? उत्तर सरळ आहे. बैलजोडी ही शेतकऱ्याची सर्वांत मोठी जंगम मालमत्ता होती. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेतून पारखून आणलेला खिलार म्हणजे नुसते जनावर नव्हे. पुढच्या पाच-सात वर्षांची पेरणी, मोट, मळणी आणि गाडीभाडे त्याच्या खांद्यावर असे. तो चोरीला गेला किंवा आजारी पडला तर घर बसत असे. म्हणून आमचे म्हणणे असे की या वास्तूला 'गोठा जोडलेले घर' म्हणणेच मुळात चुकीचे आहे. गोठा येथे नंतर जोडलेला नाही. दाराची रुंदी, जमिनीचा उतार, सोप्याची उंची, वैरणीच्या माळ्याची जागा या सर्वांचे माप बैलावरून ठरले आहे. हे बैलाच्या मापाचे घर आहे, आणि माणसे त्याच्या सोबतीने राहतात.

भाषेनेही याची साक्ष जपून ठेवली आहे. एखाद्याला दावणीला बांधणे, वेसण घालणे, कुठे तरी ठाण मांडून बसणे हे शब्दप्रयोग आज सहकारी बँकेच्या सभेत आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही सर्रास ऐकू येतात. ते जन्मले या खालच्या खणात. आषाढातल्या बेंदराला बैल न्हाऊमाखू घालून, शिंगे रंगवून आणले जातात आणि घरची बाई त्यांना ओवाळते, तेव्हा ती पाहुण्याचे नव्हे, घरच्याच माणसाचे स्वागत करीत असते. गोठ्यातले शेण जमिनीला सारवण म्हणून, चुलीला गोवरी म्हणून आणि शेताला खत म्हणून जाई. शेतातला कडबा पुन्हा गव्हाणीत येई. घराबाहेर टाकून देण्याजोगे फारसे काही उरतच नसे.

अशी रचना केवळ आपल्याकडेच झाली असेही नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे खडकाळ पठार आहे. तेथील मध्ययुगीन लांबट दगडी घरांत माणसे आणि गुरे एकाच दाराने आत येत, माणसे चढाच्या बाजूस वळत आणि गुरे उताराच्या बाजूस. पॅलेस्टाईनच्या खेड्यांतही अशीच पद्धत होती: एकच मोठी खोली, तिचा वरचा भाग कुटुंबाचा, खालचा जनावरांचा, आणि दोहोंच्या सीमेवर गव्हाणी. मध्यपूर्वेत दीर्घकाळ अध्यापन केलेले बायबलचे अभ्यासक केनेथ बेली यांनी या घराच्या आधारे लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथेचा वेगळा अर्थ लावला. मराठी भाषांतरातील 'उतारशाळा' हा शब्द आपल्या कानांना सवयीचा आहे. परंतु तेथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच लूकने पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील खाणावळीसाठी मात्र त्याने निराळा शब्द योजला आहे. म्हणून जागा नव्हती ती धर्मशाळेत नव्हे, तर घरच्या पाहुण्यांच्या खोलीत, आणि बाळ ठेवले गेले ते कुटुंबाच्या राहत्या खोलीतल्या गव्हाणीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सगळे अभ्यासक ते मान्य करतात असे नाही. पण माणदेशातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हा अर्थ सांगितला तर त्याला त्यात नवल वाटणार नाही. नाताळात आपण गवत पसरून जो एकाकी, रानातला गोठा मांडतो, तोच त्याला चमत्कारिक वाटेल. गोठा घरापासून इतका दूर कशाला, असे तो विचारील.

येथवर स्तुती झाली. आता दुसरी बाजू.

पहिला दोष अंधाराचा. सोपा हवेशीर आणि उजेडाचा. तो पुरुषांचा आणि पाहुण्यांचा. माजघर आणि चूल मात्र मागे, जाड भिंतींच्या पोटात. माळवदात उजेडासाठी आणि धुरासाठी एखादे भोक ठेवलेले असे, पावसात तेही झाकावे लागे. बायकांचे सारे आयुष्य, स्वयंपाक, दळण, बाळंतपण, त्या धुरकट काळोखात गेले. पहाटे उठून गोठ्यातले शेण काढायचे, सारवायचे, पाणी भरायचे, हेही काम त्यांचेच. घराची मांडणी बैलाच्या सोयीची होती, धन्याच्याही सोयीची होती. ती बाईच्या सोयीची होती असे म्हणवत नाही. घरातल्या गोठ्याबरोबर माश्या, गोचीड आणि दमटपणा हेही घरात आले, हे सांगायला नको.

दुसरा दोष घराचा नव्हे, गावाचा आहे. पण तो घराच्या भिंतीवर उमटला आहे. घडीव दगडाचे जोते आणि खणाखणांचे घर सर्वांच्या वाट्याला नव्हते. दावणीची दावी, कासरे आणि वेसणी वळून देण्याचे काम मातंग समाजाकडे होते. गोठ्यात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. ज्यांच्या हातांवाचून हा गोठा एक दिवस चालला नसता, त्यांना त्याच घराच्या सोप्यावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर एकाच जिल्ह्यातले. 'बनगरवाडी' १९५५ सालची, 'फकिरा' १९५९ सालची. मराठी साहित्याने या मुलखाची दोन्ही टोके सत्तर वर्षांपूर्वीच पाहिली. वास्तूविषयी लिहिणाऱ्यांनी अजून धड एकही पाहिलेले नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, कारण त्याने माणसे मारली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे पाटण तालुक्यात कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती आणि सुमारे १८० माणसे दगावली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, तशाच पहाटेच्या वेळी, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. किल्लारी आपल्या दोन जिल्ह्यांपासून दूर आहे, पण तेथील घर आणि माणदेशातले माळवदाचे घर ही सख्खी भावंडे आहेत. तोच काळा दगड, तीच मातीची जोडणी, तेच मातीचे जड छप्पर.

भिंत का कोसळली हे समजून घेणे आवश्यक आहे. बाहेरून अखंड दिसणारी ही भिंत वस्तुतः दोन भिंतींची असते. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड व माती. दोन पदरांना एकमेकांशी बांधणारे आरपार लांब दगड ठरावीक अंतरावर घातले असतील, तर भिंत एकजीव राहते. ते घातले नसतील, तर धक्का बसताच मधली माती खाली दबते आणि दोन्ही पदर दोन दिशांना फुटतात. किल्लारीला अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि माणसे भिंतीच्या दगडांखाली व माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. गळती थांबवण्यासाठी दर काही वर्षांनी माळवदावर मातीचा नवा थर चढवायचा, हा वहिवाटीचा उपाय. त्याने छप्पर पिढ्यान्पिढ्या जड होत गेले. पाणी हा आणखी एक शत्रू. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि नदीकाठच्या गावांत पाणी कित्येक दिवस साचून राहिले. मातीत जोडलेली भिंत इतके दिवस पाण्यात टिकत नाही.

या पुराव्यापुढे आम्ही या घराची सरसकट तरफदारी करू शकत नाही. पण निकाल देताना गुन्हा नेमका कोणाचा हे पाहावे लागते. दोषी ठरते ती भिंतीची जोडणी. घराची मांडणी नव्हे. आणि जोडणीचा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. भारतीय मानक ब्युरोने १९९३ सालीच कमकुवत बांधकामांच्या भूकंपरोधकतेसाठी १३८२८ क्रमांकाचे मानक काढले. दगडी भिंत ४५ सेंटिमीटरांहून जाड असू नये. उंचीत दर ६० सेंटिमीटरांवर आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरांवर आरपार दगड असावा. दारे-खिडक्यांच्या माथ्यावर भिंतींना सर्व बाजूंनी कवटाळणारा पट्टा असावा, असे त्यात सांगितले आहे. जुन्या भिंतीलाही जागोजागी आरपार भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट भरता येते, खांब आणि तुळई यांच्या कोनात लाकडी तिरके टेकू देता येतात, माळवदावरची जादा माती उतरवता येते. यांपैकी एकही गोष्ट गावच्या गवंड्याला अशक्य नाही.

प्रत्यक्षात मात्र भिंतीच्या अपराधाची शिक्षा मांडणीला झाली. भीतीने आणि हौसेने जुनी घरे पाडली गेली. त्यांच्या जागी आलेले घर बहुधा शहरातल्या बंगल्याची लहान नक्कल असते: समोर जिना, वर स्लॅब, मे महिन्यात भट्टी. यात लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पक्के छप्पर, उजेडाचे स्वयंपाकघर, घरातले शौचालय हे त्यांना हवे होते आणि ते मिळायलाच हवे होते. शिवाय बैल स्वतःच निघून गेला. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, मोटेच्या जागी विजेचा पंप आला. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली सुरू केलेल्या व्यवसायापासून या भागात वाढत गेलेल्या दूधधंद्याने गोठ्यात बैलाऐवजी म्हैस आणि संकरित गाय आणली, आणि तिच्यासाठी मोकळा, हवेशीर, वेगळा गोठा हवा असे पशुवैद्य सांगू लागले. ते बरोबरही आहे. पण या नव्या गोठ्याचे काय झाले? पुष्कळ ठिकाणी तो घरामागे पत्र्याच्या चार पानांखाली उभा आहे. उन्हात जनावर धापा टाकते, मूत्र दाराशी साचते, आणि रात्री तिकडे काय चालले आहे हे आत झोपलेल्या माणसाला कळत नाही. दीड हात उंचीच्या पायरीने जे प्रश्न सोडवले होते, ते पुन्हा उभे राहिले आहेत.

जी घरे उरली, त्यांतल्या काहींना अलीकडे कृषिपर्यटनाने नवे कपडे चढवले आहेत. दगड घासूनपुसून काढला आहे, माजघरात पलंग आले आहेत, आणि गोठ्यात भोजनगृह थाटले आहे. गव्हाणीत कुंड्या आहेत. अशा प्रयत्नांमुळे घर पडायचे वाचते हे खरे, आणि वाचलेले घर पडलेल्या घरापेक्षा केव्हाही बरे. तरीही समीक्षक म्हणून आम्हांस हे नोंदवावेच लागते की त्यांनी नेमका दोषी भाग जपला आणि निर्दोष भाग टाकून दिला. दगडाचा चेहरा राहिला. ज्या उतारासाठी, ज्या पायरीसाठी, ज्या नजरेच्या टप्प्यासाठी तो चेहरा उभा केला होता, ते गेले.

आमचा कौल असा आहे. काळ्या दगडाची पूजा करण्याची गरज नाही. भाजक्या विटेत, सिमेंटच्या ठोकळ्यात, हवे तर दगडातच पण आरपार दगड घालून, भिंत नव्याने बांधावी. चूल उजेडात आणावी. परंतु ज्या घरी आजही दोन म्हशी किंवा चार गाई आहेत, त्या घरी जमिनीचा उतार, गोठ्याची खालची पातळी, सोप्यावरून दावणीवर पडणारी नजर आणि वैरणीची जवळची जागा हा जुना हिशेब नव्या नकाशात घेता येईल. त्यासाठी तो आधी कागदावर उतरला पाहिजे. सांगली, कराड, सातारा येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी दर उन्हाळ्यात एकेका गावातली पाच-दहा घरे फुटपट्टी घेऊन मोजली, पायऱ्यांची उंची, दारांची रुंदी, उतार, खणांची अंतरे, भिंतीतले आरपार दगड यांची नोंद ठेवली, तरी पुरे. सोबत वडार आणि पाथरवट समाजांतील ज्या वृद्ध कारागिरांना दगड कसा बसवायचा हे ठाऊक आहे, त्यांनाही विचारून घ्यावे. घरे दर पावसाळ्यात थोडी थोडी कमी होत आहेत, आणि ती माणसेही.